होमस्टेड हायस्कूल, कुपर्टिनो: मुलगा नववीत, खो-खोचा गडी. कुणाचा अनुभव आहे का?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. कंपनीने माझी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला बदली केली आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी, बायको आणि आमचा एकुलता एक मुलगा बाणेरहून तिकडे येतोय. मुलगा चौदा वर्षांचा आहे. मार्चमध्ये आठवी झाली, तिकडे नववीत जाईल.

घरं दोन बघून ठेवली आहेत. एक सनीवेलमध्ये, त्याची शाळा होमस्टेड हायस्कूल. दुसरं कुपर्टिनोत, मॉन्टा व्हिस्टा हायस्कूलच्या हद्दीत. दुसऱ्याचं भाडं महिन्याला आठशे डॉलरने जास्त, वर एक खोली कमी. ऑफिसातले तिकडचे सहकारी एकमुखाने मॉन्टा व्हिस्टा म्हणतात. इंटरनेटवरच्या क्रमवारीतही होमस्टेड खाली दिसतं. ते 'खाली' म्हणजे नक्की किती आणि कशात, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. दहावीला बोर्ड नाही म्हणतात, मग मुलाचं चाललंय काय हे आईबापाला कळतं कशावरून? आणि कॉलेजला धरतात तरी काय?

तिसरी गोष्ट खरं तर पहिली आहे. मुलगा पाचवीपासून खो-खो खेळतो. यंदा चौदा वर्षांखालच्या गटात जिल्ह्यापर्यंत गेला होता. तिकडे खो-खो नाही हे कळल्यापासून तो फार बोलत नाही. बॅडमिंटन खेळशील का विचारलं तर मान हलवतो, पण ती होकाराची नसते. बायको म्हणते, शाळा कुठलीही घ्या, याला मैदान मिळायला हवं. ज्यांची मुलं तिथे शिकली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्याद्रीवारा

आठशे डॉलर परवडत असतील तर मॉन्टा व्हिस्टा घ्या, असं मी सांगेन. माझा पुतण्या तिथे होता. वर्गातली मुलं इतक्या तयारीची असतात की आपलं मूल आपोआप ओढलं जातं. गणित, विज्ञान, वादविवाद, सगळ्यात पुढे. बॅडमिंटनमध्येही त्या शाळेचं नाव मोठं आहे.

पण ओढलं जाणं सगळ्यांनाच मानवत नाही, हेही खरं. २००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने मॉन्टा व्हिस्टा आणि शेजारच्या लिनब्रूकबद्दल लेख छापला होता. अभ्यासाची चढाओढ फार झाली म्हणून गोरी कुटुंबं तिथून बाहेर पडताहेत, असा त्याचा विषय. तो वाचून आपल्याकडच्या किती तरी घरांनी उलट तिथेच घर शोधलं. तुमचा मुलगा कसा आहे ते तुम्हालाच माहीत. खेळाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही.

चाफा_सनीवेल

दादा, तुमचा मुलगा बोलत नाही हे वाचलं, आणि एरवी नुसती वाचणारी मी आज लिहायला बसले.

आम्ही मूळचे कऱ्हाडचे, २००१ पासून सनीवेलमध्ये. थोरली मुलगी २०१५ साली होमस्टेडमधून बाहेर पडली, धाकटा २०१९ साली. सलग आठ वर्षं त्या फाटकातून माझी गाडी आत-बाहेर होत होती. त्यातली बरीच वर्षं मी क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे मातीच्या वाटांवरून लांब पळायच्या, शर्यतींना पाण्याचे कॅन आणि संत्र्याच्या फोडी घेऊन जायचे. शाळा मला समजली ती तिथे उभं राहून.

आधी त्या 'खाली'बद्दल. होमस्टेड आणि मॉन्टा व्हिस्टा या एकाच फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या शाळा आहेत. डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, भागातल्या शाळा चालवणारी संस्था. शिक्षकांच्या पगाराची श्रेणी एक, पास होण्याच्या अटी एक, पैसा एकाच तिजोरीतला. मग फरक कुठे? मुलं कुठल्या घरांतून येतात त्यात. मॉन्टा व्हिस्टाच्या हद्दीत इंजिनिअरांची घरं जास्त दाट आहेत. होमस्टेडमध्ये सनीवेल, कुपर्टिनो आणि लॉस आल्टोसचा थोडा भाग, असं सगळं मिसळून येतं. माझ्या मुलाच्या वर्गात एकाचे वडील चिप डिझाइन करत होते, एकाची आई हॉटेलात खोल्या साफ करत होती, आणि दोघं बँडमध्ये शेजारी उभे राहून एकच वाद्य वाजवायचे. क्रमवारीत हे एक पायरी खाली धरलं जातं. माझ्या मुलांना मी पुन्हा तिथेच घालेन.

या शाळा कशा उभ्या राहिल्या ते कळलं की हा गोंधळ बराच कमी होतो. हे सगळं खोरं पूर्वी जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांचं होतं. 'व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट' म्हणायचे त्याला. डिस्ट्रिक्ट १९२३ सालचा, तेव्हा सनीवेलमधलं फ्रीमाँट हायस्कूल हीच त्याची एकटी शाळा. १९५६ मध्ये लॉकहीडचं क्षेपणास्त्रांचं काम सनीवेलला आलं, बागा तोडून इंजिनिअरांसाठी घरं बांधली गेली, आणि त्या घरांत पोरं झाली. मग भराभर शाळा निघाल्या. कुपर्टिनो १९५८, होमस्टेड १९६२, लिनब्रूक १९६५, मॉन्टा व्हिस्टा १९६९. सनीवेल हायस्कूल म्हणून आणखी एक होती, ती मुलं कमी पडली तेव्हा १९८१ मध्ये बंद केली. आमच्या शेजारच्या आजी त्या शाळेच्या. अजून तिचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलतो.

होमस्टेडचं नाव जगाला माहीत आहे ते पुढे ॲपल कंपनी काढणाऱ्या दोन मुलांमुळे. स्टीव्ह वॉझनियॅक १९६८ साली इथून पास झाला, स्टीव्ह जॉब्स १९७२ साली. वॉझनियॅकचे वडील लॉकहीडमध्येच इंजिनिअर. शाळेत जॉन मॅककॉलम नावाचे सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, आधी नौदलात वैमानिक होते. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर आणि सुट्या भागांनी भरलेली एक खोली होती, आणि ज्या पोरावर विश्वास बसेल त्याला तिची किल्ली मिळायची. शाळेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सरांनी वॉझनियॅकची आठवड्यातून एकदा सिल्व्हेनिया कंपनीत जाऊन प्रोग्रॅमिंग करायची सोय लावून दिली. एका शिक्षकाने एका मुलासाठी एवढं केलं! मला त्या दोन नावांपेक्षा ही किल्ली मोठी वाटते.

आणि शाळेसाठी घर बदलणारे तुम्ही पहिले नाही. जॉब्स माउंटन व्ह्यूच्या शाळेत त्रासला होता. सातवीच्या मध्यावर त्याने आईवडिलांना निर्वाणीचं सांगितलं की मी आता तिथे जाणार नाही. त्यांनी होते नव्हते ते पैसे जमवून लॉस आल्टोसमध्ये एकवीस हजार डॉलरचं घर घेतलं, कारण ते चांगल्या शाळांच्या हद्दीत येत होतं. पुढे त्याच घराच्या गॅरेजमधून कंपनी निघाली.

हद्दीचं फार कडक आहे, ते समजून घ्या. कॅलिफोर्नियात १९७८ साली प्रपोझिशन १३ मंजूर झालं. घर घेतलं त्या किमतीच्या साधारण एक टक्का कर, आणि कराची ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. बहुतेक डिस्ट्रिक्टांना राज्याकडून डोई पैसे मिळतात. आपला डिस्ट्रिक्ट मात्र मुख्यतः इथल्या घरपट्टीवर चालतो. त्यामुळे बाहेरचं एक मूल वाढलं तर त्याच्यामागे पैसा येत नाही, आहे त्यातच त्याला वाटेकरी करावं लागतं. म्हणून भाडेकरार, विजेचं बिल सगळं नीट तपासतात. ओळखीच्यांचा पत्ता देऊन मूल घालू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि आठवीपर्यंतच्या शाळांचा डिस्ट्रिक्ट वेगळा असतो, हायस्कूलचा वेगळा. एजंटला नेमका हायस्कूलचा विचारा. तेही त्याच्या शब्दावर सोडू नका, डिस्ट्रिक्टच्या साइटवर घराचा पत्ता घालून बघा.

आता अभ्यास. बोर्ड नाही, पण नववी ते बारावी प्रत्येक सेमिस्टरची श्रेणी कायमची नोंदली जाते. ऑगस्टच्या मध्यावर वर्ग सुरू, डिसेंबरात एक सेमिस्टर, जूनच्या सुरुवातीला दुसरं. श्रेणी ऑनलाइन दिसतात, आठवड्याला बघता येतात. इतक्या वेळा बघू नका. मी बघायचे.

यूसीला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाला, पंधरा वार्षिक विषय लागतात. त्यांना ए-टू-जी म्हणतात. इतिहास-समाजशास्त्र दोन वर्षं, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगासह विज्ञान दोन, दुसरी भाषा दोन, कला एक, आणि आवडीचा एक. यातले अकरा बारावी सुरू होण्याआधी झालेले हवेत. गणित, विज्ञान आणि भाषा एकेक वर्ष जास्त केलेली बरी. कलेचा विषय सक्तीचा आहे हे आपल्या घरांना खरं वाटत नाही. चित्रकला, नाटक, सिरॅमिक्स किंवा बँड, काहीतरी एक वर्षभर करावंच लागतं. यूसी आपला जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, काढताना दहावी-अकरावीच्या श्रेणी धरते, त्यामुळे नवीन देशातलं नववीचं वर्ष म्हणजे तुमच्या मुलाला मिळालेला श्वास आहे. विषय मात्र नववीतही पास व्हायलाच हवेत. एसएटी ही प्रवेश परीक्षा यूसी आता बघत नाही. गणितात त्याला कुठल्या वर्गात बसवायचं हे जुलैतच काउन्सेलरशी बोलून ठरवा. आपल्याकडची आठवीची पोरं बहुतेक वेळा पुढे असतात. आपणहून बोललो नाही तर झालेलंच पुन्हा करत बसायची वेळ येऊ शकते.

एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, परीक्षा मे महिन्यात, गुण एक ते पाच. इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. मुलगी अकरावीला गेली तेव्हा मैत्रिणींच्या मुली किती एपी घेताहेत ते ऐकून मी तिला चार घ्यायला लावले. तिला दोन हवे होते. तिच्या काउन्सेलरने फोन करून विचारलं होतं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. सप्टेंबर संपता संपता तिने क्रॉस कंट्री सोडली. मला वाटलं, चला, वेळ वाचला. तो वेळ वाचलाच नाही. रात्री दोनला दिवा जळत असायचा, डबा तसाच परत यायचा, आणि रविवारी सकाळी पळून आल्यावर ती आणि तिचे बाबा जे तासभर गप्पा मारायचे ते बंद झालं. नोव्हेंबरात एकदा मी तिच्या खोलीत गेले तर ती पळायचे शूज मांडीवर घेऊन बसली होती, नुसती. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

वसंतात ती ट्रॅकला परतली. एका एपीत तिला तीन मिळाले. कॉलेज चांगलं मिळालं, आता नोकरी करते, आजही पळते. त्या तिनाचं पुढे कुणी तिला विचारलेलं मला आठवत नाही. पळण्याविना गेलेले ते महिने मात्र मला आठवतात.

म्हणून सांगते, तुमच्या बायकोचं बरोबर आहे. आधी मैदान.

मुळाकाठ

ताई, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगा पलीकडच्या खोलीत होता, त्याने ऐकलं असावं.

एकच शंका. इकडे शाळेच्या संघात बारा जण, बाकीचे टाळ्या वाजवायला. तिकडे दोन हजारांवर मुलं असलेली शाळा. तिथे नव्याने आलेल्या, खो-खोशिवाय काही न खेळलेल्या मुलाला कोण उभं करणार? क्रॉस कंट्री म्हणजे नुसतं पळणं ना? त्यात सगळ्यांना घेतात?

वळण

काका, मी होमस्टेडचा, २०१४. मराठी लिहायची सवय कमी आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नववीत बॅडमिंटनच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, गेलो होतो. इथे बॅडमिंटन मुलामुलींचा एकच संघ असतो, वसंतात. समोर आलेली मुलं आठव्या वर्षापासून क्लबमध्ये कोचिंग घेणारी. माझं दुसऱ्या दिवशी संपलं. तुमच्या मुलाला ते आवडतही नाही, मग नकोच.

वर्षाचे तीन मोसम असतात. ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉल, वॉटर पोलो, क्रॉस कंट्री. हिवाळ्यात बास्केटबॉल, सॉकर (आपला फुटबॉल), कुस्ती. कुस्ती चटईवरची, पण तालमीत गेलेला असेल तर बघेल. वसंतात ट्रॅक, पोहणं, बेसबॉल, बॅडमिंटन वगैरे. जागा मोजक्या असलेल्या खेळांत निवड होते. क्रॉस कंट्रीत माझ्या वेळी कुणाला काढत नसत. रोज येणार आणि पळणार, एवढंच. सगळ्यात जोरात पळणारे सात व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या पहिल्या संघात, बाकीचे ज्युनिअर व्हर्सिटी किंवा खालच्या वर्गांच्या शर्यतीत. पण शर्यत सगळ्यांना मिळते. काका, टाळ्या वाजवायला कुणी उरतच नाही.

आणि ते नुसतं पळणं नाही. गुण कसे मोजतात ते ऐका. प्रत्येक शाळेच्या पहिल्या पाच जणांचे क्रमांक घेऊन बेरीज करतात, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. म्हणजे तुमचा एक पोरगा पहिला आला आणि पाचवा ऐंशीवा आला तर तुम्ही गेलात. मी पाचवा असायचो. पहिल्या मुलाला कुणाला पकडायचंय हे त्याचं तो बघतो. पाचव्याला मात्र शेवटच्या उतारावर समोर दिसणारी प्रत्येक पाठ मोजावी लागते, कारण एकेक पाठ म्हणजे एकेक गुण. खो-खो मी भारतात आजोळी उन्हाळ्यात खेळलोय. पाठलाग करताना जे डोक्यात चालतं ना, समोरचा दमलाय का, आता वळेल का, तेच.

आमची मोठी शर्यत बेलमाँटला, क्रिस्टल स्प्रिंग्जवर. २.९५ मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटर, सगळी डोंगरातली माती. ऑक्टोबरात इतकी धूळ असते की संपल्यावर दात चरचरतात. सुरुवातीला रुंद पट्टा, दोनशे पोरं एकदम सुटतात, आणि थोड्या वेळात वाट अरुंद होते. तिथे कोपर लावून जागा धरायची. खो-खोत खुंटाला वळसा घालणाऱ्या पोराला ती अरुंद वाट घाबरवणार नाही. आम्ही रस्त्यावर पळणारे, आम्हाला भीती वाटायची.

तिथून पुढे सेंट्रल कोस्ट सेक्शन, म्हणजे आमच्या विभागाची शर्यत, आणि फारच चांगले असतील तर नोव्हेंबरच्या शेवटी फ्रेस्नोच्या वुडवर्ड पार्कात राज्याची शर्यत. मी तिथे गेलो ते बघायला. मित्रासाठी गेलो होतो. पण त्या मैदानावर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की मी या गावचा आहे.

चाफा मावशी, ती संत्री मी खाल्ली आहेत.

चाफा_सनीवेल

अरे देवा! २०१४ म्हणजे माझ्या मुलीच्या एक वर्ष पुढचा. मग तू त्या पोरांतलाच, जे फोडी दोन-दोन हातांनी उचलायचे. खूप बरं वाटलं रे.

दादा, याने लिहिलंय त्याच्यापुढे मी काय सांगू. थोडं कामाचं तेवढं सांगते, कारण संघात यायचं तर कागद लागतात आणि ते पुण्यातच करून आणलेले बरे.

खेळायला दरवर्षी डॉक्टरांची तपासणी आणि सहीचा फॉर्म लागतो, विमा लागतो. श्रेणींची सरासरी (चारपैकी) २.० च्या खाली गेली तर खेळता येत नाही. हा नियम मला आवडतो. अभ्यास सोडून खेळ नाही हे शाळाच सांगते, आपल्याला घरात रोज भांडावं लागत नाही.

लसींचा कागद बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, तारखांसकट आणा. पोलिओ, हिपॅटायटिस बी, एमएमआर तर बघतातच. आपली मुलं अडकतात ती कांजिण्यांच्या लसीवर आणि टीडॅपवर. कांजिण्यांचे दोन डोस लागतात, आपल्याकडे पुष्कळांचा एकच झालेला असतो. टीडॅप म्हणजे सातव्या वर्षानंतर घेतलेला धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याचा बूस्टर. आपल्याकडे मोठ्या मुलांना टीडी देतात, तो चालत नाही. सांता क्लारा काउंटीत क्षयाच्या धोक्याची तपासणीही मागतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्याची हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून इथल्या डॉक्टरांना रक्ताच्या चाचणीबद्दल विचारा. माझ्या भाच्याचे यात तीन आठवडे गेले होते.

त्याच्या आठवीपर्यंतच्या गुणपत्रिका शिक्क्यासह आणा. दुसऱ्या भाषेचंही आत्ताच डोक्यात ठेवा. बारावीला कॅलिफोर्निया राज्याकडून सील ऑफ बायलिटरसी मिळू शकतं, दोन भाषा नीट येणाऱ्यांना. मराठीवर ते मिळवायचं तर परीक्षा कोण घेणार हे लवकर विचारावं लागतं, म्हणून पहिल्याच भेटीत काउन्सेलरकडे विषय काढा. मराठी शाळा इथे आहे, रविवारी त्याला पाठवा. शिकायला नाही पाठवलंत तरी लहान पोरांना शिकवायला पाठवा, त्याला आवडेल.

आणखी एक. शाळेच्या कोपऱ्यापासून मेरी अव्हेन्यूने सरळ गेलं की हमरस्ता २८० वरून सायकलींचा पूल आहे, २००९ साली झाला, दोरांनी ताणलेला. तो ओलांडला की डी अँझा कॉलेज. हायस्कूलच्या मुलांना परवानगी घेऊन तिथे विषय घेता येतात आणि शिकवणीची फी पडत नाही. माझ्या धाकट्याने असंच एक खगोलशास्त्र केलं. एपी नव्हतं, कुणाच्या शर्यतीत नव्हतं. बुधवारी संध्याकाळी सायकलवर पूल ओलांडून जायचा आणि रात्री अंगणात मला ग्रह दाखवायचा. बँडमध्येही तोच होता. शुक्रवारी फुटबॉलच्या मध्यंतरात हिरव्या पोशाखात शे-सव्वाशे पोरं मैदानावर रांगा बदलत वाजवायची. फुटबॉलचं मला अजून काही कळत नाही, पण एकाही शुक्रवारी मी घरी थांबले नाही.

घराचं तुम्ही ठरवा. आठशे डॉलर महिन्याला म्हणजे वर्षाचे नऊ हजार सहाशे. तेवढ्यात दर उन्हाळ्यात तिघं पुण्याला जाऊन याल. त्याला त्याचा खो-खो तिथे खेळू दे.

मुळाकाठ

मेरी अव्हेन्यूचं, म्हणजे होमस्टेडच्या हद्दीतलं घर आज सकाळी नक्की केलं.

काल रात्री मुलगा फोन घेऊन माझ्याकडे आला. वळण यांचं उत्तर उघडलेलं होतं. म्हणाला, बाबा, पावणेपाच किलोमीटर म्हणजे पाषाण तलावाच्या किती फेऱ्या? आज पहाटे साडेपाचला उठून दोघं गेलो. मी अर्ध्यातच थांबलो, तो पुढे गेला.

ताई, टीडॅपची चौकशी केली, मिळतंय. कांजिण्यांचा खरोखरच एकच डोस झालेला निघाला. दुसरा शनिवारी. पळायचे शूज इथून घ्यावेत की तिथे?

वळण

इथे या, मग घ्या. पाय वाढत असतील, शिवाय मातीवरचे वेगळे लागतात. संघातली पोरं शाळा सुरू होण्याआधी उन्हाळ्यातच पळायला लागतात. जुलैत जेट लॅग गेला की कळवा. मी अजून शनिवारी सकाळी सातला रांचो सॅन अँटोनिओला पळतो, तुमच्या घरापासून सायकलवर येण्याइतकं जवळ आहे. चढ थोडा जास्त आहे. पहिल्या दिवशी हळू जाऊ.

चाफा_सनीवेल

मीही येईन, खाली पार्किंगमध्ये असेन. संत्री घेऊन.